हेब्बाळमध्ये पार्क शोधताना आधी रस्ता बघा

आमचे अण्णा सांगलीहून पहिल्यांदा आमच्याकडे बंगळुरूच्या केंपापुऱ्याला आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी कॅनव्हासचे बूट घालून फिरायला बाहेर पडले आणि वीस मिनिटांत परत आले. मी विचारलं, "काय झालं? सापडला नाही का तलाव?" म्हणाले, "सापडला की. समोरच दिसतोय. पण तिथवर जायचं कसं, ते काही दिसेना." ते बळ्ळारी रोडच्या कडेला उभे राहून विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सी बघत बसले होते. मधे गाड्यांचा पूर, पलीकडे हेब्बाळ तलाव.

पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून मान्यता टेक पार्कात नोकरीला आलेली कितीतरी मराठी कुटुंबं आज हेब्बाळच्या आसपास राहतात. नवीन माणूस फोनवर नकाशा उघडतो, जवळात जवळचा हिरवा ठिपका शोधतो आणि अण्णांसारखाच रस्त्याच्या कडेला अडकतो. म्हणून पार्क किती मोठं, झाडं किती, पाळणे कोणते हे सगळं नंतर. आधी घरापासून फाटकापर्यंतचा रस्ता बघा. नकाशावर आठशे मीटर दिसणारं पार्क हायवेच्या पलीकडे असेल, तर ते तुमचं रोजचं पार्क नव्हे. ते रविवारचं, रिक्षाने जाण्याचं.

हेब्बाळची रचना लक्षात ठेवायला सोपी आहे. उत्तर-दक्षिण बळ्ळारी रोड आणि पूर्व-पश्चिम रिंगरोड एकमेकांना छेदतात तिथे फ्लायओव्हर, आणि त्याने या भागाचे चार तुकडे केले आहेत. हेब्बाळ तलाव वायव्येच्या तुकड्यात. भद्रप्पा ले-आउट, कोडिगेहळ्ळी, सहकारनगर याच बाजूचे. ईशान्येला केंपापुरा, अमृतहळ्ळी आणि त्यापुढे जक्कूर, राचेनहळ्ळी. रिंगरोडच्या खाली पश्चिमेला संजयनगर, भूपसंद्रा, आरएमव्ही सेकंड स्टेज, तर पूर्वेला गंगानगर, आनंदनगर. तुम्ही ज्या तुकड्यात राहता, तिथलंच पार्क रोजच्यासाठी धरा. आम्ही केंपापुऱ्यात राहून दोन वर्षं हेब्बाळ तलावाचा हट्ट धरला होता. शेवटी राचेनहळ्ळीच्या तलावाची सवय केली आणि बळ्ळारी रोड ओलांडायची कटकट संपली. आता त्यावर पादचारी पूल नाही का, असं कुणी विचारेल. पूल असतात, पण गुडघेदुखीच्या माणसाला पायऱ्या आधी मोजाव्या लागतात, आणि लिफ्ट असली तरी ती आज चालू आहे का, हे खाली जाऊनच कळतं.

घर अजून भाड्याने घ्यायचं असेल, तर आणखी एक गोष्ट सांगतो. बंगळुरू विकास प्राधिकरणाच्या १९७६ च्या कायद्यानुसार ले-आउट पाडताना एकूण क्षेत्रातली किमान पंधरा टक्के जागा पार्क आणि मैदानांसाठी सोडावी लागते. त्यामुळे आखून वसवलेल्या वस्तीत, म्हणजे आरएमव्ही सेकंड स्टेजसारख्या ठिकाणी, चार गल्ल्या ओलांडल्या की एखादा हिरवा चौकोन हमखास भेटतो. जी मुळात खेडी होती आणि शेतांचे तुकडे पाडत दाट होत गेली, तिथे एवढं सुदैव नाही. घरमालक "पार्क जवळच आहे" म्हणाला की त्याला सोबत घेऊन तिथवर चालत जा. टोकन द्यायच्या आधी जा. सोसायटीच्या क्लब हाऊसवर समाधान मानू नका, असंही माझं मत आहे. तिथे आपल्याच मजल्यावरची मुलं आपसांत हिंदी-इंग्रजीत खेळतात. आमची धाकटी कन्नड शिकली ती पार्कातल्या घसरगुंडीच्या रांगेत.

वेळेचं काय? इथे मराठी माणूस पहिल्यांदा फसतो. आपल्याकडे मैदान म्हणजे कट्टा. दादरचं शिवाजी पार्क घ्या. वाटेल तेव्हा जा, कठड्यावर बसा, कुणी हटकत नाही. बंगळुरूचं पार्क म्हणजे कुंपण, फाटक, शिट्टीवाला रखवालदार आणि नियमांची पाटी. कित्येक वर्षं इथली पार्कं सकाळी काही तास, मग कुलूप, मग दुपारनंतर पुन्हा उघडी अशी चालत. जून २०२४ मध्ये महापालिकेची पार्कं पहाटे पाच ते रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याचं जाहीर झालं. तरी तुमच्या गल्लीतल्या फाटकाची किल्ली एका माणसाकडे असते आणि तोही जेवायला घरी जातो. तेव्हा पहिल्या आठवड्यात वेगवेगळ्या वेळी तीन चकरा मारा, रखवालदाराला नमस्कार करा आणि "एष्टु गंटेगे ओपन आगत्ते?" असं विचारा. एवढ्या कन्नडवर तो तुम्हाला फाटकाचीच नव्हे, बोअरची आणि भटक्या कुत्र्यांचीही माहिती देईल.

पाटीवरचे नियम मात्र वाचून घ्या. काही ठिकाणी ते फारच विनोदी असतात. इंदिरानगरच्या एका पार्कात पळायला बंदी आणि चालायचं तर घड्याळाच्या काट्यांच्याच दिशेने, अशी पाटी लागली होती. शहरभर तिचं हसं झालं. पण अरुंद वाटेवर साठीतले चाळीस जण एका दिशेने चालत असताना उलट पळत येणारा तरुण पाहिला की पाटी लिहिणाऱ्याचा थोडा राग निवळतो. कुत्रा नेत असाल तर पट्टा आणि पिशवी दोन्ही हवेत. बॅट-बॉल तर छोट्या पार्कात काढूच नका. त्याला मैदान बघावं लागतं, आणि हेब्बाळमध्ये मोकळी मैदानं पार्कांपेक्षाही कमी आहेत.

लहान मुलं असतील तर पहिल्या दिवशी त्यांना न नेता एकट्याने जा आणि तिथल्या लोखंडाची तपासणी करा. मी हे गंमत म्हणून सांगत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मल्लेश्वरमच्या एका मैदानाचं लोखंडी फाटक अंगावर पडून शाळकरी मुलगा दगावला. फाटक आपल्या हाताने उघडून बघा. ते बिजागरीवर फिरतं का, की नुसतं टेकवून ठेवलंय? सरकतं फाटक असेल तर रुळाच्या टोकाला अडसर आहे ना, ते पाहा. झोपाळ्याच्या साखळीची वरची कडी बघा, कारण झिजते ती वरचीच, जिथे कुणाची नजर जात नाही. कडीत खोबण पडून ती अर्धी झाली असेल तर त्या झोपाळ्याला हात लावू देऊ नका. घसरगुंडीचा पत्रा जिथे संपतो त्या काठावरून बोट फिरवा. खाली माती किंवा वाळू असेल तर बरं, फरशी असेल तर वाईट. पाऊस पडून गेल्यावर दिव्याच्या खांबाजवळचा विजेचा डबा उघडा पडलाय का, हेही पाहा. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात.

म्हाताऱ्या माणसांसाठी बघायच्या गोष्टी वेगळ्या. वाट मातीची असेल तर गुडघ्यांना सुख, पण पावसाळ्यात शेवाळ. सिमेंटच्या ठोकळ्यांची असेल तर मुळांनी उचललेला एखादा ठोकळा असतोच, तो पहिल्या दिवशी दाखवून ठेवा. शंभर पावलांवर बाक आहे का, स्वच्छतागृह उघडं असतं का, हे विचारून घ्या. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला कानटोपी लागते आणि नऊनंतर ऊन चटका देतं. सात ते साडेआठ ही वेळ त्यांना मानवते. हवेचंही बघा. हेब्बाळमध्ये हवा मोजण्याचं सरकारी केंद्र आहे आणि त्याचा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर दिसतो. फ्लायओव्हरचं नाहीतर मेट्रोचं काम चालू असलेल्या दिवसांत संध्याकाळची रहदारी आणि धूळ एकत्र येते. दम्याच्या माणसाने तेव्हा रस्त्याला लागून असलेल्या वाटेवर न चालता आतल्या वाटेने चालावं.

आता तलाव. हेब्बाळला राहून फक्त गल्लीतल्या पार्कात फिरणं म्हणजे पंढरपुरात राहून चंद्रभागेवर न जाण्यासारखं आहे. हेब्बाळ तलाव १५३७ चा, बंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडाने बांधवलेला असं सांगतात. म्हणजे १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे इथे आले आणि पुढे बंगळूर त्यांची जहागीर झाली, तेव्हा हा तलाव शंभर वर्षांचा झाला होता. शहराचं सांडपाणी इथे येऊन तो मरणपंथाला लागला होता. १९९८ च्या सुमारास नॉर्वेच्या मदतीने गाळ काढून त्याला सावरलं. पुढे २००६ मध्ये तो एका हॉटेल कंपनीला पंधरा वर्षांच्या कराराने देण्यात आला. तलावही भाड्याने देता येतो हे तेव्हा बंगळुरूकरांना कळलं. लोक चिडले, २००८ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि तलाव हे सार्वजनिक आहेत, ते असे विकता-भाड्याने देता येणार नाहीत, हा मुद्दा ऐरणीवर आला. आज तुम्ही काठाने चालू शकता ते त्या भांडणामुळे. जिथे जिथे प्रवेश फी घेतात, तिथे पावती मागा, आणि दुपारी जाणार असाल तर फाटकावरची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा.

पक्षी बघायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दुर्बीण नसली तरी चालेल. अण्णांना मी शेवटी रिक्षाने तिथे नेलं, तेव्हा पाण्यावर काळ्या पक्ष्यांची दिंडी चालली होती. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. अण्णा म्हणाले, "हे तर वारकरी!" आपल्याकडे त्या पक्ष्याला वारकरीच म्हणतात. पिवळ्या टोकाच्या चोचीचं, कपाळापाशी तांबडे ठिपके असलेलं बदक म्हणजे हळदीकुंकू. बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, पंख वाळत घालून बसलेला पाणकावळा, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या हा थंडीचा पाहुणा. आणि चोचीखाली पिशवी लोंबत असलेला झोळीवाला विमानासारखा उतरतो तेव्हा मुलं मोबाईल खाली ठेवतात. नावं मराठीत सांगा, मुलांच्या लक्षात राहतात. मात्र ब्रेड, मुरमुरे पाण्यात टाकू नका. त्याने पक्ष्यांचं पोट भरत नाही, पाणी तेवढं नासतं. निर्माल्यही नको. गणपतीसाठी इथे बऱ्याच तलावांच्या कडेला वेगळी कल्याणी, म्हणजे पुष्करणीसारखं कुंड असतं. शाडूची मूर्ती घ्या आणि विसर्जन त्यातच करा.

जक्कूरच्या तलावावर मुलांना नेलंत तर त्यांना पाण्याचा प्रवास दाखवता येईल. तिथे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प आहे. त्यातलं पाणी आधी पाणकणसं माजलेल्या दलदलीत सोडतात, मुळं उरलेली घाण शोषतात आणि मग ते तलावात येतं. जादा झालं की पुढे राचेनहळ्ळीकडे उतरतं. आजूबाजूच्या विहिरींना त्यानेच पाणी राहिलं. वरून मधूनच फ्लाइंग स्कूलचं एखादं छोटं विमान घरघरत जातं, कारण जक्कूरची धावपट्टी जवळच आहे. मार्च २०२४ च्या टंचाईत बागांना पिण्याचं पाणी घालायला बंदी आली आणि पाच हजारांचा दंड लागला, तेव्हा हे असलं शुद्ध केलेलं पाणी म्हणजे काय, ते सगळ्यांना समजलं. खुद्द हेब्बाळ-नागवार खोऱ्यातलं शुद्ध केलेलं सांडपाणी तर उपसून पार चिक्कबळ्ळापूरच्या तलावांत भरलं जातं. तुमच्या पार्कातली हिरवळ उन्हाळ्यात पिवळी पडली तर लगेच तक्रार करू नका. झाडांना पाणी मिळतंय ना, ते बघा. हिरवळ पावसात परत येते.

जीकेव्हीके, म्हणजे गांधी कृषी विज्ञान केंद्र, याला मात्र पार्क समजू नका. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचा तो परिसर आहे, तेराशे एकरांच्या आसपास. तिथे पिकांचे प्रयोग चालतात. आत सोडतील की नाही, हे फाटकावरचा रखवालदार ठरवतो आणि त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पण नोव्हेंबरात तिथे कृषी मेळा भरतो, तो चुकवू नका. नाचणीच्या जाती, देशी कोंबड्या, तुरीची नवी वाणं. शेतकरी कुटुंबातल्या आजी-आजोबांना मॉलपेक्षा हे शंभरपटीने आवडतं. अण्णांनी तिथून नाचणीचं पाव किलो बियाणं पिशवीत घालून सांगलीला नेलं.

आणखी एक छोटी चक्कर सांगतो, फार कुणी सांगत नाही. हेब्बाळ गावठाणात २०१८ मध्ये एक वीरगळ पुन्हा सापडला. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, इसवी सन ७५० च्या सुमाराचा. गावावर आलेली धाड परतवताना कामी आलेल्या कित्तय्याचा तो दगड. बंगळुरूत सापडलेल्या कन्नड शिलालेखांत तो सर्वात जुना मानतात आणि त्यात या गावाचं नाव 'पेर्बोळल' असं आहे, म्हणजे मोठं गाव. जुन्या कन्नडातल्या 'प'चा पुढे 'ह' झाला आणि पेर्बोळलचं हेब्बाळ झालं. लोकांनी वर्गणी काढून त्याच्यासाठी मंडप उभारला. कोल्हापूर-साताऱ्यात वीरगळ बघत वाढलेल्या माणसाला तो दगड ओळखीचा वाटतो. मुलांना शाळेतलं 'सिलिकॉन व्हॅली' एवढंच बंगळुरू माहीत असतं, त्यांना हा दाखवावा.

माणसांविषयी थोडं. पार्कात रोज भेटणाऱ्यांना अण्णा, अक्का, अज्जी म्हणा. हे शब्द दोन्हीकडचे आहेत, काही शिकावं लागत नाही. फक्त 'ताई' जपून. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, आणि तिशीतल्या बाईला ते ऐकून गंमत वाटेलच असं नाही. सकाळी योगाला बसणाऱ्यांचा एक गट प्रत्येक पार्कात असतो. तुमच्या सासूबाई त्यांच्यात दोन दिवस बसल्या की तिसऱ्या दिवशी फिल्टर कॉफीला बोलावणं येतं. माझ्या पाहण्यात असे सगळे आई-बाबा पहिल्या आठवड्यात "परत जायचंय" म्हणतात आणि पार्कातली ओळख झाली की तिकीट पुढे ढकलतात.

काही बिघडलं तर कुठे सांगायचं? आता जुनी महापालिका राहिली नाही. सप्टेंबर २०२५ पासून ग्रेटर बंगळुरू प्राधिकरणाखाली पाच महापालिका झाल्या आणि हेब्बाळ उत्तर महापालिकेत आहे. फोन मात्र तोच, १५३३. तक्रार करताना पार्कचं नाव, जवळची खूण आणि एक फोटो द्या. "पार्कची दुरवस्था झाली आहे" असं लिहिलंत तर काही होणार नाही. "दक्षिण फाटकाजवळच्या दुसऱ्या झोपाळ्याची वरची कडी झिजली आहे" असं लिहा. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा आणि रोज येणाऱ्या आणखी चार जणांना तीच तक्रार त्यांच्या फोनवरून करायला सांगा. पार्कात कुणी बांधकाम काढलं किंवा गाड्या लावायला जागा द्यायचं चाललंय असं कानावर आलं, तर कर्नाटकचा १९८५ चा उद्यानं, मैदानं आणि मोकळ्या जागांचा कायदा आहे, त्याचं नाव तक्रारीत घाला. आमच्याकडे एका पार्काच्या कोपऱ्यात वाळूचे ढीग दोन महिने पडून होते. पाच जणांनी पाच फोन केल्यावर ते हलले. एकट्या माझ्या फोनाने हलले नव्हते.

राचेनहळ्ळीला रविवारी जाणार असाल तर सातच्या आत पोचा. नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.